पारडी बदलून पाहा

1945 च्या पावसाळ्यानंतर डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांनी गवत कापायला नकार दिला. इथलं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. कापणाऱ्यांची मागणी एका ओळीची होती: 500 पौंड गवताला 2 रुपये 8 आणे. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावच्या सभेत वेठबिगार आणि लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबणं, मोडायचं ठरलं होतं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. या लढ्यातल्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला आहे, त्यामुळे तो इथे पुन्हा सांगत नाही.

मी अडकतो ते ‘500 पौंड’ या दोन शब्दांपाशी. रोजावर मजुरी असली तर हिशेब सूर्याकडे बघून होतो. मजुरी वजनावर आली की मध्ये काटा येतो. काटा कोणाचा, वजनं कोणाची, दांडी कोणाच्या हातात, हे प्रश्न मग टळत नाहीत. आज सहावीतली मुलं ‘साधी यंत्रे’ शिकताना कामटीला दोरा बांधून, दोन करवंट्या लटकावून तराजू करतात. त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूच्या मागे हे सगळं आहे. ती शाळेपर्यंत कशी पोचली, त्याचा हा मागोवा.

तराजूच्या आधी इथे मापं होती. भात, नाचणी, वरी यांचा व्यवहार शेर-पायलीने चाले. पावसाळ्यात घरातलं सरलं की सावकाराकडून खावटी आणायची आणि पीक आल्यावर वाढवून फेडायची. मापाने फसवायला फार अक्कल लागत नाही. देताना माप सपाट करायचं, घेताना शीग चढवायची. पण शीग डोळ्यांना दिसते, तिच्यावरून भांडता तरी येतं. तराजूतली लबाडी दिसत नाही. ती पकडायला तरफेचा नियम लागतो.

हा नियम इथल्या माणसांना ठाऊक नव्हता असं म्हणवत नाही. कावड घ्या. दीड मीटरच्या काठीच्या एका टोकाला 12 किलो आणि दुसऱ्या टोकाला 8 किलो असेल, तर काठी मधोमध खांद्यावर ठेवून कोणी चालत नाही. खांदा जड बाजूकडे सरकतो आणि जड टोकापासून 60 सेंटिमीटरवर, हलक्या टोकापासून 90 सेंटिमीटरवर थांबतो. 12 गुणिले 60 म्हणजे 720, आणि 8 गुणिले 90 म्हणजेही 720. खांद्याला गुणाकार येत नाही, पण जागा बरोबर सापडते. बैलगाडी भरतानाही हेच. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर मान दबते. आख हा टेकू, आणि गाडी भरणारा माणूस पोती पुढेमागे करत दोन भुजांचा हिशेब लावत असतो.

कोकणात विहिरीवरची लाटही हेच करते. उभ्या खांबावर आडवा लांब वासा, पुढच्या टोकाला दोर आणि पोहरा, मागच्या टोकाला बांधलेला दगड. रिकामा पोहरा खाली नेताना माणूस आपलं वजन टाकून दगड उचलतो आणि भरलेला पोहरा वर येताना तो दगड मदतीला येतो. दगड किती मोठा हवा, यात खरी हुशारी आहे. फार जड बांधला तर पोहरा खाली नेतानाच दम लागतो, हलका बांधला तर वर ओढताना. दोन्ही वेळची ओढ सारखी पडेल असा दगड निवडायचा. अभियांत्रिकीच्या पदवीला हा प्रश्न सोडवायला दिला तर कागदाचं एक पान लागेल.

मग शाळेत शिकवायचं काय उरतं? कावडीतलं ज्ञान खांद्यापुरतं राहतं, काट्यावरच्या व्यवहारात ते आपोआप उतरत नाही. खांद्यावर आपण टेकू हलवतो आणि भार सांभाळतो. काट्यावर टेकू दुसऱ्याने आधीच बांधून ठेवलेला असतो.

तराजू जुना आहे. हडप्पा संस्कृतीतल्या चर्ट दगडाच्या घनाकार वजनांतलं सर्वांत नेहमीचं माप साधारण 13.6 ग्रॅमचं, आणि लहान वजनांची मालिका दुप्पट, चौपट, आठपट अशी. ही वजनं दूरदूरच्या गावांत जवळजवळ सारखी भरतात. त्यापुढे तराजूने माणसंही तोलली. धर्मशास्त्रात सांगितलेल्या दिव्यांमध्ये तुळेचं दिव्य आहे: आरोपीला दोनदा तोलायचं आणि दुसऱ्यांदा तो हलका भरला तर निर्दोष. राजांच्या तुळादानात पारड्यात सोनं पडे. त्या काट्याच्या दांडीवर संशय घ्यायची कोणाची छाती झाली नसणार.

बाजारातल्या काट्यावर मात्र संशय घेणारे पहिल्यापासून होते. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला, पण बहुधा त्याच्या परंपरेतल्या कोणीतरी लिहिलेला ‘यांत्रिक प्रश्न’ हा ग्रीक ग्रंथ सुरुवातीलाच तराजूकडे वळतो आणि तिथे जांभळा रंग विकणाऱ्यांचा उल्लेख करतो. हे लोक दांडीची दोरी बरोबर मध्यावर बांधत नाहीत, एका भुजेत शिसं ओततात, किंवा लाकडाचा मुळाकडचा जड भाग एका बाजूला ठेवतात. यंत्रशास्त्रावरच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एकात काटामारीची पाककृती आहे, हे मला फार आवडतं. तरफेचा नियम नीट सिद्ध केला तो आर्किमिडीजने, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात. त्याच्या सिद्धतेत मात्र बाजाराचा वाससुद्धा नाही.

आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तराजूवर एक आख्खं प्रकरण आहे आणि ते कारागिराला समोर बसवून लिहिल्यासारखं आहे. समवृत्ता नावाची तुळा 72 अंगुळं लांब, 35 पळं धातूची. तिच्यावर कर्ष, पळ अशा खुणा करत शंभर पळांपर्यंत जायचं, म्हणजे वजनं बदलण्याऐवजी खुणेवरून वजन वाचायचं. परिमाणी तिच्याहून मोठी. लाकडाची आठ हातांची तुळा वेगळी. मापं-वजनं दर चार महिन्यांनी तपासून शिक्का घ्यायचा, नाही घेतला तर सव्वासत्तावीस पण दंड. मनुस्मृती हीच तपासणी सहा महिन्यांनी सांगते. म्हणजे काट्याचं शास्त्र आणि काट्यावरचा अविश्वास आपल्याकडेही एकाच जागी वाढले.

अविश्वास दाखवायचा कसा? कागदावर करून बघू. 40 सेंटिमीटरची दांडी घ्या आणि दोरी मध्यापासून फक्त एक सेंटिमीटर बाजूला बांधा. भुजा झाल्या 21 आणि 19. रिकामा काटा अर्थात कलेल, म्हणून आखूड बाजूला थोडा पासंग लावा, म्हणजे दांडी आडवी, सरळ, साळसूद दिसेल. आता एक किलोचं वजन आखूड बाजूच्या पारड्यात आणि माल लांब बाजूच्या. काटा सम होईल तेव्हा माल भरेल सुमारे 905 ग्रॅम. विकणाऱ्याने 95 ग्रॅम खाल्ले. तोच माणूस विकत घेताना बाजू बदलतो: वजन लांब पारड्यात, तुमचा मोह किंवा भात आखूड पारड्यात. मग एका किलोच्या पैशांत त्याला सुमारे 1105 ग्रॅम मिळतात. चाळीस सेंटिमीटरच्या दांडीतला एक सेंटिमीटर उभ्या माणसाच्या नजरेला दिसत नाही.

उतारा सोपा आहे. सम झालेल्या काट्यावर माल आणि वजन यांची पारडी बदलायची. खरा काटा समच राहतो, खोटा लगेच झुकतो. एवढंच नाही, त्या खोट्या काट्यावरही खरं वजन काढता येतं. एकच वस्तू दोन्ही बाजूंना तोला, दोन आकड्यांचा गुणाकार करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. 905 आणि 1105 चा गुणाकार दहा लाखाच्या जवळ येतो, वर्गमूळ हजार. आठवी-नववीतल्या मुलाला वर्गमूळ कशासाठी शिकायचं ते सांगायला याहून बरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पुन्हा 1945. तलवाड्याचा गोळीबार ऑक्टोबरचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, तिथून फार लांब नसलेल्या बोर्डीला, ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं पुस्तकही 1945 चंच. एकाच वर्षी या किनाऱ्यावर कोणी संप केला, कोणी बालवाडी काढली, कोणी ग्रंथ लिहिला. तिघांचे रस्ते वेगळे होते आणि त्यांना उगीच एकत्र बांधायची गरज नाही. पण वजन या गोष्टीपुरतं बोलायचं तर दोन धागे इथे शेजारी येतात.

ताराबाई 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत गेल्या, तिथे माँटेसरी पद्धतीवर काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरीच्या साहित्यात वजनाच्या पट्ट्या असतात: तीन जातींच्या लाकडांच्या, एकाच आकाराच्या, 12, 18 आणि 24 ग्रॅमच्या. मूल डोळे मिटून दोन तळव्यांवर दोन पट्ट्या घेतं आणि जड-हलकं वेगळं करतं. चुकलं की लाकडाचा रंग सांगतो, बाईंना बोलावं लागत नाही. म्हणजे काट्याच्या आधी मुलाचे दोन हात हीच पारडी.

अडचण अशी की हे साहित्य सुबक आणि महाग. दादरच्या शिशुविहारात ते एक वेळ परवडेल, डहाणूच्या पाड्यावर नाही. बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई-अनुताईंनी जे केलं त्यातलं मोठं काम हेच होतं: पद्धत ठेवली, सामान बदललं. शिंपले, बिया, गोटे, पानं, माती, परिसरात पडलेलं जे जे मिळेल ते. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचलेल्यांना हे माहीत आहे. तरफ हा बालवाडीचा विषय नव्हे. पण वस्तू आधी हातात, नियम नंतर, आणि चूक वस्तूने दाखवायची, हा क्रम या तालुक्यात तेव्हा रुजला. पुढे 1982 मध्ये अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली. डहाणू तालुक्यातल्या ऐन्याला तिचं काम चाललं. त्याच जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकरांची क्वेस्ट ही संस्थाही याच रस्त्यावरची.

दुसऱ्या बाजूने विज्ञानशिक्षणातला तराजू आला तो युद्धाच्या राखेतून. दुसऱ्या महायुद्धात युरोप-आशियातल्या शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या. तिथल्या शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफनसन यांनी 1948 मध्ये युनेस्कोकडून एक पुस्तिका काढली: उपकरणं नसताना विज्ञान कसं शिकवायचं. तिचंच वाढून 1956 मध्ये युनेस्कोचं विज्ञानशिक्षकांसाठीचं मोठं संदर्भपुस्तक झालं आणि जगभर गेलं. मोडक्या वस्तूंतून तराजू करणं त्यात होतं. पुढे अमेरिकेत शीतपेयाच्या नळीचा तराजू शाळेत आला. नळी, टाचणी आणि एक स्क्रू यांतून केसाचं वजनही करता येतं, ही त्याची शेखी.

आपल्याकडे 1972 पासून होशंगाबादच्या सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तीस वर्षं चालला. मुंबईत 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरात खेड्यांतल्या शाळांबरोबर काम केलं. पुण्याच्या टेल्कोतले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून होशंगाबादला गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब व आगकाड्यांतून खेळणी करायला लागले. पुढे पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी कचऱ्यातून विज्ञान हा विचार मराठी शाळांपर्यंत पोचवला. आज कुठल्या पाड्यावरचे गुरुजी करवंट्यांचा तराजू करत असतील तर त्यांच्या हातात हे सगळे हात आहेत, त्यांना नावं माहीत असोत वा नसोत.

एक तक्रार मात्र आहे. वस्तू शाळेत आली, तिचा क्रम आला नाही. पुस्तकात आधी टेकू, बल, भार यांच्या व्याख्या, मग पहिला-दुसरा-तिसरा प्रकार, मग कात्री, अडकित्ता, चिमटा यांची चित्रं. मुलं पाठ करतात: अडकित्ता दुसऱ्या प्रकारची, चिमटा तिसऱ्या प्रकारची. माणसांनी हे ज्या क्रमाने शिकलं तो नेमका उलटा आहे. आधी वाहिलं, मग तोललं, मग फसले, आणि मग नियम शोधला.

मुलांच्या डोक्यातला क्रमही जवळपास तसाच असतो. पियाजे आणि इन्हेल्डर यांनी 1955 च्या पुस्तकात मुलांपुढे तराजू ठेवून काय घडतं ते मांडलं. 1976 मध्ये रॉबर्ट सीग्लर यांनी त्यातल्या पायऱ्या वेगळ्या केल्या. लहान मूल फक्त वजन पाहतं. थोडं मोठं झालं की वजनं सारखी असतील तेव्हा अंतर पाहतं. मग एक विचित्र टप्पा येतो: दोन्हींचा विचार करतं, पण वजन एकीकडे आणि अंतर दुसरीकडे ओढायला लागलं की गोंधळतं. शेवटी गुणाकार सापडतो, आणि तो पुष्कळ मोठ्यांनाही सापडत नाही. त्या गोंधळाच्या टप्प्यावरच पुस्तक सूत्र सांगून मोकळं होतं.

मला विचाराल तर सुरुवात कावडीपासून करावी. काठी, दोन पिशव्या, असमान दगड, आणि खांदा कुठे थांबतो तिथे खडूची खूण. मग टेपने मोजायचं. नंतर कामटीचा तराजू. इथे शिक्षकाने एक गोष्ट सांभाळावी: कामटीला आधार खालून देऊ नये, भोक वरच्या कडेला पाडून दोऱ्याने टांगावी. खालून पेन्सिलीवर ठेवलेली पट्टी सतत पडते, कारण तिचा गुरुत्वमध्य टेकूच्या वर असतो. मुलं तासभर तिला सांभाळत बसतात आणि त्यांना वाटतं आपलंच चुकतंय. टांगलेली कामटी हलून पुन्हा जागेवर येते. वजनं म्हणून एका मापाचे निवडलेले चिंचोके चालतात. सोनाराची गुंज कुंपणावर मिळते: 96 गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज सुमारे 0.12 ग्रॅम. फक्त गुंजा विषारी असतात, तोंडात घालू द्यायच्या नाहीत. सहाव्या खुणेवर दोन चिंचोके आणि चौथ्या खुणेवर तीन, हे सम होतं हे मुलांनी स्वतः गाठावं. मग त्यांना खोटा काटा करायला सांगावं. एका गटाने पासंग लावून लबाड तराजू बनवायचा, दुसऱ्याने पकडायचा. पारडी बदलण्याची युक्ती वर्गातून कोणीतरी काढतंच, आणि नाही काढली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायला हरकत नाही.

काळ मात्र पुढे गेला आहे. 1956 च्या कायद्याने आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आलेल्या किलोने शेर, मण, पौंड घालवले. 1945 चे 500 पौंड आज 227 किलो. हाती धरायची तागडी रस्त्यावरच्या भाजीवाल्यांकडे कुठेकुठे दिसते, बाकी रेशन दुकानापासून मासळीबाजारापर्यंत आकडे दाखवणारा काटा आला. त्यात पारडं एकच. बदलायला काही नाही. मुलाला तरफ दिसत नाही, कारण ती पेटीच्या आत गेली: धातूची छोटी पट्टी भाराने किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्याचा आकडा होतो.

वाकणाऱ्या पट्टीलाही भुजा असते. मग माल पारड्याच्या कडेला ठेवला तर आकडा बदलायला हवा, तो का बदलत नाही? याचं उत्तर वाण्याच्या गल्ल्यावरच्या जुन्या, पारडी वर असलेल्या काट्यात आहे. 1669 मध्ये रोबेर्वालने पॅरिसच्या अकादमीपुढे दांड्यांचा एक समांतर चौकोन ठेवला होता, ज्याच्यावर वजन आत सरकवा की बाहेर, समतोल बिघडत नाही. तो पाहणाऱ्यांना कोड्यात टाकी. आतली पट्टीही त्याच बेताने कोरलेली असते, दोन समांतर भुजांची. म्हणून बाजारात नेलेल्या वर्गाला करायला एक चाचणी उरते. लिटरची बाटली घ्यायची, आधी रिकामी तोलायची, मग पाण्याने खुणेपर्यंत भरून. फरक एका किलोच्या अगदी जवळ यायला हवा. मग तीच भरलेली बाटली पारड्याच्या मधोमध ठेवायची, आणि त्यानंतर एकेका कोपऱ्यात, चारही कोपऱ्यांत, दरवेळी आकडा लिहून घेत.